रगतप्याची पांढरी गाडी

२ जानेवारी

खत-बियाण्यांच्या दुकानातून दर वर्षी डायरी मिळते आणि दर वर्षी ती फडताळात पडून राहते. यंदा लिहायला घेतली, कारण लिहिण्यासारखं काहीतरी घडलं आहे आणि ते घरात सांगायची सोय नाही.

काल धुळ्याला गेलो होतो. आमच्या मयुरीचं रक्तपेढीचं शिक्षण तिथे संपलं. आता जळगावच्या एका रक्तपेढीत नोकरी लागली आहे, आमच्या असोदा गावाहून स्कूटीने ये-जा करते. तिचं धुळ्याचं बिऱ्हाड आवरून आणायचं होतं. गादी, बादल्या, कुकर असा सगळा संसार घेऊन मी बसची वाट बघत होतो, तर समोर जुन्या पुस्तकांचा ढीग. वरच्याच पुस्तकावर एक गोरापान माणूस, हनुवटीवरून रक्त ओघळतंय, मागे चंद्र. नाव 'सातवी तहान'. लेखकाचं नाव फाटून गेलेलं. माझा हात आपोआप गेला.

जळगावला कॉलेजात असताना मी असली पुस्तकं भाड्याने आणायचो आणि अंथरुणात, बसमध्ये, प्राध्यापकांच्या समोरसुद्धा वाचायचो. लग्न झालं, मयुरी पोटात होती तेव्हा बेबाबाईने, म्हणजे आमच्या मंडळींनी, घरातली सगळी मुडद्यांची पुस्तकं बंबात घातली. त्या दिवशी पाणी मात्र छान तापलं होतं. त्यानंतर मी वाचलं ते फक्त फवारणीच्या औषधावरचं.

पुस्तक कुकरमध्ये ठेवलं, झाकण लावलं आणि थेट असोद्याला आणलं. कोणाला पत्ता नाही.

३ जानेवारी

पुस्तक शेतात पाण्याच्या मोटारीच्या खोलीत ठेवलं आहे. आज दुपारी केळीच्या बागेत बसून वाचलं. रात्री वाचत नाही. डोळ्यांचा नंबर वाढला आहे.

काय पुस्तक आहे. पहिल्या प्रकरणात एक माळी मेला, दुसऱ्यात नवरा-नवरी, तिसऱ्यात तर अख्खी वरात. कॉलेजात असताना मी नायकाबरोबर तळघरात उतरायचो. आता वाटतं, अरे लेका, आधी बॅटरी तर घे. नायकाची आई एकटी घरी आहे, तिचा विचार कोणी करायचा? आणि भिंतीवर एवढं रक्त उडालेलं पुसणार कोण? वय झालं की असं होतं. तरी पण त्या रक्त पिणाऱ्या सरदाराने नवरदेवाच्या मानेत दात रुतवले तेव्हा माझ्या हातातलं अर्धं केळं खाली पडलं. तीस वर्षांत एवढी मजा आली नव्हती.

संध्याकाळी मयुरीला सहज विचारलं, माणसाच्या अंगात रक्त किती असतं. पाच लिटरच्या आसपास, म्हणाली. म्हणजे लेखकाने वरातीचा हिशोब फारच सढळ हाताने केला आहे. मयुरीला वाटलं, पप्पांना आपल्या कामात गोडी वाटू लागली. इतकी खूश झाली की मला बसवून रक्तगट, पिशवी, नळी सगळं समजावून सांगितलं. मीही कान देऊन ऐकलं. कामाचं आहे.

५ जानेवारी

मयुरीला पहिली कामगिरी मिळाली. सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन झालं की असोद्याच्या शाळेत रक्तदान शिबिर. तिचे डॉक्टर म्हणाले होते की खेड्यात कोणी रक्त देत नाही, गाडीचं डिझेल वाया जातं. तिने सगळ्यांसमोर सांगितलं की ते माझं गाव आहे, पन्नास पिशव्या भरून आणते. आता शब्द दिला म्हणजे दिला. नोकरीतले पहिले सहा महिने परीक्षेचेच असतात, आणि तोंडघशी पडली तर पुढे तिला कोण विचारणार?

मी म्हटलं, पन्नास काय, शंभर होतील, बापाला गावात मान आहे. बेबाबाई म्हणाली, मग पहिलं नाव बापाचंच लिही. मी समजावून सांगितलं की मी आयोजकाचा बाप. वाढणाऱ्याने पंगतीत बसायचं नसतं. शिवाय मला पित्ताचा त्रास आहे.

७ जानेवारी

थंडी कडक. पारावर शेकोटी पेटली की मंडळी जमतात, पण बोलायला काही नसतं, सगळे मोबाइलमध्ये तोंड घालून. झुलालनाना गावातले सगळ्यांत मोठे, त्यांच्याकडे मोबाइल नाही, ते बिचारे निखारे उकरत बसतात. त्यांची दया येऊन मी 'सातवी तहान'चं पहिलं प्रकरण सांगितलं. माळी मरेपर्यंत सगळे मोबाइल खिशात गेले होते.

उखर्डू, आमचा बांधाशेजारी, केळीचा घड एका हाताने उचलणारा गडी, त्याने खाली सोडलेले पाय पारावर घेतले. झुलालनानांनी त्या सरदाराचं नाव ठेवलं 'रगतप्या'. मूळ नाव परदेशी होतं, मलाही नीट उच्चारता येत नव्हतं. रगतप्या झकास आहे.

९ जानेवारी

सांगण्यात एक अडचण आली. पुस्तकात रगतप्या काळ्या बग्गीतून येतो. बग्गी आमच्याकडे फक्त लग्नात, नवरदेवासाठी. उखर्डू म्हणाला, मग बँड कुठाय. सगळी भीती हसण्यावारी गेली. म्हणून मी बग्गीची गाडी केली, चारचाकी, पांढरी, बंद काचांची. अंगावरचा काळा झगाही काढला. आमच्या उन्हात झगा घालून कोण फिरेल? पांढरा कोट दिला. पुस्तकात तो पाहुण्यांना आधी केक आणि दारू देतो, मी चहा आणि ग्लुकोजचं बिस्किट दिलं. सोन्याच्या पेल्याचं काय करावं ते सुचत नव्हतं, पण मयुरीचं शिकवणं कामाला आलं. नळी आणि पिशवी.

तुम्हाला सांगतो, "दंड दाबा, मूठ मिटा, आता मुंगी चावल्यासारखं होईल," असं रगतप्या गोड आवाजात म्हणतो तेव्हा मागे उभ्या बायका एकमेकींना चिकटल्या. नुसतं वाचणं वेगळं आणि आपल्या मातीत रुजवणं वेगळं. ते येरागबाळ्याचं काम नाही.

१२ जानेवारी

पारावर जागा पुरत नाही. वरच्या आळीतले लोकही येतात.

शिबिराचं मात्र घोडं अडलं आहे. मयुरीला तोंडी हो म्हणालेले एकेक गळायला लागले. उखर्डू दर वर्षी जळगावला जाऊन रक्त देणारा माणूस, त्याची अचानक कंबर धरली. एकाला उपास, एकाला लग्नाला बोदवडला जायचंय, आणि लग्न कोणाचं ते त्याला आठवेना. समाजसेवेची वृत्तीच राहिली नाही लोकांत. मी संध्याकाळी पारावर गोष्ट सुरू करण्याआधी याबद्दल चांगलं खरमरीत बोललो. सगळे माना खाली घालून ऐकत होते. मग मी नववं प्रकरण सांगितलं, गाडी शाळेच्या पटांगणात येऊन थांबते ते.

पुस्तकाच्या एका पानावर हळदीचं बोट उमटलेलं सापडलं. आधीच्या मालकाची बायको वाचत असावी.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ देताना सगळे गोड बोलले, पण शिबिराचा विषय काढला की चपला शोधायला लागतात. झुलालनानांनी फक्त चौकशी केली.

"तुझ्या पोरीच्या गाडीले पडदे राहीन का भो?"

मी म्हटलं, काळजी करू नका नाना, चांगली नवी गाडी आहे, एसी आहे, बाहेरून आतलं काही दिसत नाही. म्हाताऱ्या माणसांना गाड्यांचं कौतुक असतं.

घराघराच्या दाराला लसणाच्या जुड्या टांगलेल्या दिसतात. यंदा लसूण चांगला आलेला दिसतो.

१७ जानेवारी

मयुरी आज जेवली नाही. डॉक्टरांनी विचारलं की किती नावं झाली. तिने सांगितलं, तर ते हसले नाहीत, नुसतं बरं म्हणाले. हसले असते तर बरं झालं असतं, असं म्हणून ती रडली. चार वर्षांची होती तेव्हा विंचू चावला होता, तेव्हाही रडली नव्हती. रात्रभर कूस बदलत होतो. गावाने माझ्या पोरीशी असं का वागावं हेच कळत नाही.

१८ जानेवारी

कळलं.

नासीरकडे गेलो होतो, जळालेली मोटार घेऊन. नासीर माझा शाळेपासूनचा दोस्त, मोटारींत नवी तार भरून देण्याचं त्याचं दुकान आहे. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता मी त्याच्यासमोर गावाला शिव्या घालत होतो. त्याने तार खाली ठेवली.

"गाडी पांढरी तूच केली," तो म्हणाला. "कोट पांढरा तूच देला, बिस्किटं बी तूच वाटले. आता लोकं कायले येतीन?"

मी तिथेच रिकाम्या स्टुलावर बसलो. खरं म्हणजे स्टूल नव्हतं, तेलाचा डबा होता, पँट गेली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पोरीच्या पायावर धोंडा पाडला आणि वर गावाला समाजसेवा शिकवत होतो. घरी येऊन बेबाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.

"मूळ गोष्टीत तं बग्गी हाये," म्हणाली. "तुम्हाले गाडी आणाले कोनं सांगलं होतं?"

मी एवढा खचलो होतो की तेलाच्या पँटनेच जेवायला बसलो.

१९ जानेवारी

संध्याकाळी पारावर जाऊन सरळ सांगून टाकलं की हे सगळं खोटं आहे, एका जुन्या पुस्तकातलं आहे, गाडी आणि कोट माझ्या डोक्यातून आले. लोक रागावतील असं वाटलं होतं. कोणी रागावलं नाही. उखर्डू उलट म्हणाला, म्हणजे पुढचं सांगणार नाही का.

झुलालनाना म्हणाले, "खोटं हाये हे आम्हाले बी समजते. आम्ही काही येडे नही. पन हात पुढे होत नही, त्याले काय करशीन?"

मग त्यांनी निखारा उलटवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तू देलं का कधी रगत, लीलाधर?"

मी पित्ताचं सांगितलं. उखर्डूने लगेच आपली कंबर दाबली.

२० जानेवारी

इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय.

मला सुई बघवत नाही. पुस्तकात माणसाची मान पिळून काढली तरी मी केळं खात वाचतो, पण धनुर्वाताचं इंजेक्शन म्हटलं की हातपाय गार पडतात. मागे पायात खिळा गेला होता तेव्हा दवाखान्याच्या मागच्या दाराने पळालो आणि घरी सांगितलं की टोचलं. मयुरी रक्तपेढीचं शिकायला निघाली तेव्हा मी छाती फुगवून गावभर पेढे वाटले आणि मनात म्हटलं, ही पोरगी कोणावर गेली आहे.

पुस्तकाची शेवटची दोन प्रकरणं राहिली आहेत. ती उघडायचं धाडस होत नाही. रगतप्या जिंकला तर काय करू?

२१ जानेवारी

मार्ग बेबाबाईने काढला. म्हणाली, लोकांना घाबरवलं तुम्ही, तर धीर पण तुम्हीच द्या. नुसतं खोटं आहे म्हणून भीती जात नाही, तिच्यावर उतारा द्यावा लागतो. रगतप्या कशाला भितो?

लसणाला.

आणि असोद्यात लसूण कशात असतो?

वांग्याच्या भरतात. भरताचे दिवस आहेत, वांगी शेतात लोंबत आहेत, ती भाजायला कपाशीच्या काड्या बांधावर पडून आहेत. मी तिच्याकडे बघतच राहिलो. सत्तावीस वर्षांत या बाईने माझ्या पुस्तकांचा बंब सोडून काही पेटवलं नाही असा माझा समज होता.

संध्याकाळी पारावर शेवटचं प्रकरण सांगितलं, सगळं पदरचं. रगतप्या पांढऱ्या गाडीतून असोद्याला येतो. त्या दिवशी गावात भरीत पार्टी झालेली. तो पहिल्याच माणसाला नळी लावतो, एक घोट घेतो आणि मटकन खाली बसतो. हिरवी मिरची डोक्यात जाते, लसूण पोटात पेटतो. पाणी द्या, पाणी द्या करत नाल्याकडे पळत सुटतो, कोट काट्यात अडकतो, गाडी इथेच राहते. गाव ती गाडी धुऊन घेतं आणि दवाखान्याला देऊन टाकतं. पडदे काढून.

पार हसून हसून लोळत होता. बेबाबाईने मागून आवाज दिला की सव्वीस तारखेला शाळेत जो रक्त देईल त्याला केळीच्या पानावर भरीत-पुरी. उखर्डूची कंबर बरी होत असल्यासारखी दिसली.

झुलालनाना सगळ्यांत शेवटी हसायचे थांबले. "बरं हाये," म्हणाले. "पन पहिले कोन झोपीन?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मागे बघितलं, तिथे नुसतं पिंपळाचं खोड होतं.

"मी," असं कोणीतरी म्हणालं. आवाज माझाच होता.

२४ जानेवारी

मयुरीला सगळा प्रकार कळला. उखर्डूच्या बायकोने तिला विचारलं की कोट पांढराच घालावा लागतो का. घरी आली, मला म्हणाली, पप्पा तुम्ही नळीसुद्धा घातलीत? मी मान डोलावली. ती तोंडावर ओढणी धरून आत गेली. मला वाटलं रडते आहे. बेबाबाई म्हणाली, हसते आहे.

मग तिने माझं बीपी बघितलं. उत्तम निघालं. वजन भरपूर. वय साठच्या आत. पित्ताबद्दल विचारलं, तर म्हणाली की पित्त रक्तात नसतं. उद्या तरी ताप यावा म्हणून मी आज थंड पाण्याने आंघोळ केली. अजून काही वाटत नाही.

२६ जानेवारी

हात नीट चालतो आहे तोवर लिहितो.

झेंडावंदन झालं. शाळेच्या पटांगणात गाडी उभी होती, पांढरी, पडदे काढलेली. मयुरीनेच काढायला लावले. एका बाजूला काड्यांच्या जाळात वांगी भाजली जात होती, बायका बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, मिरच्या-लसूण ठेचत होत्या. वास असा की मेलेला उठून बसेल. वर्गात खाटा मांडल्या होत्या आणि दाराखिडक्यांत अख्खा गाव. खाटेकडे कोणी जात नव्हतं.

मी गेलो. मयुरीने आधी बोट टोचून रक्त तपासलं. ती नुसती चाचणी होती हे मला नंतर कळलं, मी उठून निघालो होतो. तिने परत झोपवलं. ती निळ्या कपड्यांत होती, कोट घातलाच नव्हता.

"पप्पा, इकडे बघू नका," म्हणाली. "रगतप्याचं पुस्तकात शेवटी काय होतं ते सांगा."

आता मी काय सांगणार, वाचलंच नव्हतं. पण खिडकीत एवढे लोक बघून गप्पही बसवेना. डोळे मिटले आणि सुरू केलं. नायक कड्यावर चढतो, मागून रगतप्या, खाली विहीर. नायक ढकलतो, रगतप्या विहिरीत.

"इहिरीत नही पडत तो," दारातून बेबाबाईचा आवाज आला, हातात वांग्याचं परातभर भरीत. "त्याची बायकोच त्याले उन्हात काढते. पुरं वाचत जा."

वर्ग खदखदून हसला. हळदीचं बोट कोणाचं ते मला तेव्हा कळलं. तिला काही विचारायला डोळे उघडले, तर मयुरी कापूस दाबत म्हणाली की झालं. पिशवी भरली होती. मी पिशवीकडे बघितलं, हातही लावला. गडद लाल, आणि हाताला ऊबदार लागत होती.

दारात झुलालनाना म्हणाले की बायको त्याला उन्हात कशी काढते ते नीट सांग. मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे. मी म्हटलं, सांगतो, पण जो खाटेवर झोपेल त्यालाच. नानांचं वय बसत नव्हतं, म्हणून त्यांनी उखर्डूला मानगुटीला धरून आत ढकललं आणि त्याच्या उशाशी स्वतः बसले. मग नासीर, मग त्याचा भाऊ, मग रांगच लागली. मी बिस्किट खाऊन खुर्ची ओढली आणि दुपारपर्यंत खाटेखाटेला गोष्ट सांगत होतो. चुकलं की बेबाबाई दुरुस्त करायची. शेवटी पिशव्या संपायला आल्या, डॉक्टरांनी जळगावहून आणखी मागवल्या. पन्नास कधीच झाल्या होत्या. डॉक्टर केळीच्या पानावर तिसऱ्यांदा भरीत घेत मयुरीला म्हणाले की पुढच्या गावांची शिबिरं तूच ठरव. ती माझ्याकडे बघून हसली, तेव्हा मला घेरी आल्यासारखं झालं. ते रक्त दिल्यामुळे नव्हे.

सुईचं काय म्हणाल, तर मला काहीही वाटलं नाही. मुंगी चावल्यासारखं. लोक उगाच घाबरतात. हे मी रात्री जेवताना दोघींनाही सांगितलं. मयुरी वाढत होती. तिच्या मनगटावर चार लाल वळ उठलेले होते, बोटांएवढे. बेबाबाईने तिचा हात धरून विचारलं की हे काय झालं गं.

"काही नाही," मयुरी माझ्या ताटात भरीत वाढत म्हणाली. "सकाळी एका रगतप्याने धरलं होतं. पिशवी भरेपर्यंत सोडायलाच तयार नव्हता."